हर्क्युलिसच्या वॉल हँगिंगवर कोणते देश घ्यायचे? सोलापुरातल्या एका ऑर्डरचं प्रकरण

पार्श्वभूमी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक मध्यम कारखाना. टॉवेल आणि चादर हा मुख्य माल, सोबत जकार्डवर, म्हणजे कापडातच चित्र विणणाऱ्या मागावर, वॉल हँगिंग. देवांचे, महाराजांचे, हुतात्म्यांचे, कुणाच्या तरी वडिलांच्या पंच्याहत्तरीचे, असे वॉल हँगिंग सोलापुरात वर्षानुवर्षं विणले जातात, त्यात नवीन काही नाही. मालक पूर्व भागातले, घरात तेलुगू आणि धंद्यात मराठी-हिंदी. मी त्यांच्याकडे डिझाइनचं काम बाहेरून बघतो, म्हणजे पार्टी काय म्हणते आणि माग काय देऊ शकतो याच्या मधे उभं राहायचं. माणसांची नावं आणि काही ओळख पटेल असे तपशील बदललेत किंवा गाळलेत, बाकी प्रकरण घडलं तसंच आहे.

पार्टी होती हवाई दलातून निवृत्त झालेल्यांचा एक ग्रुप. सोलापूर, पंढरपूर, बार्शीकडचे सगळे, बहुतेक ट्रान्सपोर्टवाले, म्हणजे लढाऊ विमानांवर नाही तर मालवाहू विमानांवर काम केलेले. त्यांचा मेळावा होता आणि प्रत्येकाला एक वॉल हँगिंग द्यायचं होतं, दीडशे पीस. चित्र सी-१३० हर्क्युलिस या अमेरिकन बनावटीच्या मालवाहू विमानाचं आणि भोवती जगातल्या सगळ्या हवाई दलांची चिन्हं, ती विमानावर गोल काढलेली असतात ना, तिरंगी वगैरे, ती. वर ओळ टाकायची : हर्क्युलिस उडवणारे देश.

बोलणारे दोघं होते. एक संयोजक, पन्नाशीच्या आतले, स्वतः हर्क्युलिसवर ग्राउंड क्रूमधे काम केलेले. दुसरे काका, सत्तरी ओलांडलेले, एएन-१२ वर एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम बघणारे, होते. एएन-१२ म्हणजे रशियन बनावटीचं, तेही चार पंख्यांचं, मागून दार उघडणारं, आपल्याकडे १९६१ ला आलं आणि १९९३ ला गेलं. काकांचं म्हणणं असं की खरं तर एएन-१२ चंच वॉल हँगिंग करायला पाहिजे होतं, पण नवीन पोरांना ते कुणाला माहीत बे, म्हणून हर्क्युलिस.

अडचण

पहिल्या मीटिंगला संयोजकांनी मोबाइलवर आलेली एक यादी दिली. त्यात सत्तर देश. मालकांनी लगेच हिशेब मांडला की सत्तर गोल बसतील का, तर मी म्हटलं आधी सत्तर हा आकडा बसतो का ते बघू. कारण दुसऱ्या एका ठिकाणी साठच्या वर असं होतं, तिसरीकडे अजून वेगळं. चुकीचं कुणीच लिहिलेलं नव्हतं. प्रत्येकाने वेगळं काहीतरी मोजलेलं होतं.

हे जरा सविस्तर सांगतो कारण सगळं प्रकरण इथेच अडकलं. हर्क्युलिसचं पहिलं उड्डाण २३ ऑगस्ट १९५४ चं, अमेरिकन हवाई दलात दाखल १९५६ ला, आणि आजही नवीन बनतंय. अडीच हजाराच्या वर विमानं झालीत. एवढ्या काळात देशच बदलले. दक्षिण व्हिएतनामकडे हर्क्युलिस होती, तो देशच १९७५ ला संपला. त्यातलं एक विमान शेवटच्या दिवसांत सायगावहून साडेचारशेच्या वर माणसं कोंबून थायलंडला गेलं, ते आज अमेरिकेत लिटल रॉकच्या तळावर ठेवलेलं आहे. आता दक्षिण व्हिएतनाम यादीत धरायचा का? इराणने १९७९ च्या आधी घेतली, नंतर अमेरिकेशी पूर्ण फाटलं, तरी ती विमानं इराण अजून उडवतो. लिबियाचं तर अजबच, काही मिळाली पण नंतर घेतलेली आठ विमानं निर्बंधात अडकली आणि अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मॅरिएटाला, कारखान्याशेजारीच, कित्येक दशकं नुसती उभी राहिली. पैसे दिलेत, मालकी आहे, उडवलं मात्र नाही. उलट ब्रिटनने १९६७ पासून वापरून जून २०२३ ला शेवटचं निवृत्त केलं आणि त्यातली काही बांगलादेशला गेली. म्हणजे एकच विमान दोन देशांत मोजलं जाणार. बेल्जियम, स्पेन यांनीही सोडलं. यात भर म्हणजे त्याची नागरी आवृत्ती वेगळी असते, एल-१००, ती धरली की आकडा अजून वाढतो.

तर "उडवणारे देश" म्हणजे आज उडवणारे, की कधीतरी उडवलेले, की विकत घेतलेले? हा प्रश्न पार्टीने स्वतःला विचारलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर विचारायचं कारणही नव्हतं, मोबाइलवर यादी आली की ती यादीच असते.

दुसरी अडचण मागाची. आमच्या त्या मागावर बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, आठच रंग चालतात. आठ रंग म्हटलं की ऐकायला भरपूर वाटतात. पांढरा, काळा, लाल, निळा, पिवळा, हिरवा, केशरी आणि विमानाला राखाडी. संपले. निळा तो गोलांचा गडद, आकाशाच्या फिक्या निळ्याला धागाच उरला नाही. शिवाय रंग जितके जास्त तितक्या एका इंचात ओळी कमी बसतात, म्हणजे बारीक काम जमत नाही. सत्तर गोल घेतले तर एकेक गोल सव्वा-दीड इंचाचा होणार. न्यूझीलंडच्या गोलात मधे लाल किवी पक्षी असतो, ऑस्ट्रेलियाच्या गोलात कांगारू. ट्रायलला एक किवी त्या मापात विणला तर माग बघणारा जॉबर म्हणाला, मालक हा बटाटा कशाला टाकलाय मधे.

आणि तिसरी, जिच्याबद्दल पहिल्या मीटिंगला कुणीच बोललं नाही. त्या यादीत पाकिस्तान होता.

कोणते पर्याय होते

संयोजकांना नकाशा पाहिजे होता. जगाचा नकाशा, ज्या देशांकडे हर्क्युलिस आहे ते एका रंगात. दिसायला हा पर्याय सगळ्यात भारी होता आणि रंगही दोनच लागले असते, धंद्याच्या दृष्टीने मालकही खुश. मी नको म्हटलं. जकार्डवर सरहद्दीची रेघ पायऱ्या पायऱ्यांनी येते, काश्मीरची रेघ अर्धा सेंटीमीटर इकडे तिकडे झाली तर ती माजी सैनिकांच्या मेळाव्यात, दीडशे पीसवर, भिंतीला लटकलेली दिसणार. भारताचा नकाशा चुकवणं हा गुन्हा आहे, हे वेगळंच. मालकांना हे लगेच पटलं. संयोजकांना नाही पटलं, ते म्हणाले बारीक काढा ना, पण बारीक निघत नाही हेच तर रडगाणं होतं.

दुसरा पर्याय दोन रंगी चादरीचा किंवा टॉवेलचा. स्वस्त, पटकन होणारा. पण त्यात एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूला उलटा येतो आणि गोलांचे रंग दाखवताच येत नाहीत, आणि गोल रंगीत नसतील तर मग सगळे सारखेच. काका म्हणाले टॉवेलवर देशाची चिन्हं टाकून त्याने अंग पुसणार का? विषय तिथेच संपला.

तिसरा, सगळेच्या सगळे देश पण गोलांऐवजी नुसती नावं. वाचनीय झालं असतं, पण भिंतीवर लावायला मतदार यादी कोण लावेल.

चौथा पर्याय निवडक बारा देश, तीन इंचाचे गोल, खाली नाव आणि साल. मी याच्या बाजूने होतो. पण निवडक म्हटलं की कुणी निवडलं हा प्रश्न येतोच आणि तो आला.

पाकिस्तानवरून जे झालं ते माझ्या अपेक्षेच्या उलट होतं. मला वाटलं म्हातारे काका भडकतील आणि संयोजक समजुतीने घेतील. झालं भलतंच. संयोजक ठाम, आमच्या मेळाव्यात तो हिरवा गोल नको म्हणजे नको. काका म्हणाले अरे १९६५ ला पठाणकोट, आदमपूर, हलवारा या आपल्या तीन तळांवर पाकिस्तानने रात्री छत्रीवाले सैनिक उतरवले ते याच विमानातून, आणि त्यातले बरेचसे गावकऱ्यांनी आणि पोलिसांनी पकडून दिले, हे सांगायला नको का? त्यांचं म्हणणं, ज्या विमानाशी आपला पहिला संबंध असा आला ते विमान आज आपल्याच दलात आहे, ही गोष्ट त्या गोलाशिवाय अर्धी राहते. तसा पहिला संबंध त्याच्याही आधीचा आहे, १९६२ च्या लढाईत अमेरिकेने आपल्या मदतीला हर्क्युलिस पाठवली होती, लडाखकडे माल न्यायला, पण हा मुद्दा मी काढला तेव्हा दोघंही माझ्याकडे असं बघायला लागले की तू कुणाच्या बाजूने आहेस.

नेमकं काय केलं

बारा देशांवर एकमत झालं. नियम असा ठरवला की साल टाकायचं ते विमान हवाई दलात आलं ते, करार झाला ते नाही. हा नियम भारतामुळेच करावा लागला. आपला करार २००८ चा, पहिली विमानं दिल्लीजवळच्या हिंडन तळावर आली २०११ ला. संयोजकांना २००८ पाहिजे होतं कारण ते आकड्याने जुनं दिसतं. पण ऑस्ट्रेलियाचं १९५८ हे विमान हातात आल्याचं साल आहे, मग आपल्यालाच वेगळं माप कसं लावणार? २०११ ठरलं.

यादीत अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, स्वीडन, ब्रिटन, इराण, इस्राएल, जपान आणि भारत. ब्रिटन आता उडवत नाही तरी घेतला, कारण छपन्न वर्षं वापरलंय आणि तो गोल सगळ्यांना ओळखू येतो. इस्राएल १९७६ च्या एन्टेबेसाठी, ओलीस सोडवायला चार हर्क्युलिस युगांडापर्यंत गेली होती, ते ट्रान्सपोर्टवाल्यांच्या तोंडी कायम असतं. न्यूझीलंडने हर्क्युलिसचं एच मॉडेल जगात सगळ्यात आधी घेतलं, १९६५ ला, आणि साठ वर्षं चालवून जानेवारी २०२५ मधे ठेवून दिलं, आता त्यांच्याकडे नवीन 'जे' मॉडेल आहे. इराण आणि इस्राएल शेजारी शेजारी आले होते, ते डिझाइनच्या पोराने कुणी न सांगता लांब लांब नेऊन ठेवले. शहाणा आहे.

पाकिस्तान घेतला नाही. त्याबदल्यात मी एकच आग्रह धरला, वरची ओळ बदलायची. "हर्क्युलिस उडवणारे देश" असं लिहून एक उडवणारा देश गाळला तर ते खोटं होतं. "हर्क्युलिस : काही हवाई दलं" असं केलं. संयोजकांना "काही" हा शब्द कमीपणाचा वाटला, मालक म्हणाले पार्टी म्हणते ते लिहू, कशाला ताणतो. पण काकांनी माझी बाजू घेतली आणि ते झालं.

मग सॅम्पल विणलं आणि तिथे खरा घोळ निघाला. काकांनी कापड उजेडात धरलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, हे आपलं नाही. पाती मोजा.

डिझाइनच्या पोराने नेटवरचा एक चांगला बाजूने काढलेला फोटो घेऊन त्यावरून चित्र काढलं होतं, आणि तो फोटो जुन्या एच मॉडेलचा होता. त्या जुन्या मॉडेलच्या पंख्याला चार पाती. आपल्याकडची सी-१३०जे, तिला सहा पाती, तीही कोयत्यासारखी वाकडी नाही तर तलवारीसारखी बाक असलेली, असं काका म्हणाले आणि संयोजक म्हणाले काका दोन्ही एकच. एवढंच नाही, आपली लांब आवृत्ती आहे, पोट पंधरा फुटांनी वाढवलेलं, आणि सॅम्पलवरचं आखूड होतं. मजा म्हणजे ज्यांनी हर्क्युलिसवर प्रत्यक्ष काम केलं ते संयोजक हे बघूनही गप्प होते. त्यांना दिसलं नव्हतं असं नाही, नंतर म्हणाले मला वाटलं कापडात एवढंच जमत असेल.

आता परत निर्णय. बारा देशांपैकी बहुतेकांनी कित्येक वर्षं चार पात्यांचंच चालवलं, मग चित्र चार पात्यांचं ठेवलं तर जगाला धरून बरोबर. सहा केली तर भारताला धरून बरोबर, पण खाली १९५८ आणि वर सहा पाती असं होणार, 'जे' मॉडेल तर पहिल्यांदा उडालंच १९९६ ला. यावर एक आख्खी संध्याकाळ गेली, चहा, शेंगा चटणी आणि कडक भाकरीसकट. शेवटी भारताचं विमान हेच ठरलं, कारण भिंती सोलापूर जिल्ह्यातल्या. विमानाखाली बारीक अक्षरात सी-१३०जे-३० टाकलं, म्हणजे जाणकाराला कळेल की चित्र एका मॉडेलचं आहे आणि साल सगळ्या घराण्याचं.

आकाशाचा प्रश्न संयोजकांनीच सोडवला. २० ऑगस्ट २०१३ ला आपल्या हर्क्युलिसने लडाखमधे दौलत बेग ओल्डीच्या धावपट्टीवर उतरून दाखवलं, १६,६१४ फुटांवर. तर मागे डोंगर टाका म्हणाले. राखाडी आणि पांढरा धागा होताच, डोंगर झाले, निळ्या आकाशाची गरजच पडली नाही. हे मला कधीच सुचलं नसतं.

गोलांत एक चूक शेवटच्या क्षणी पकडली. आपल्या हवाई दलाच्या गोलात बाहेर केशरी, मधे पांढरा आणि आत हिरवा. फाइलमधे ते उलट झालं होतं, हिरवा बाहेर. कारागिराने पहिल्या पीसवरच थांबवलं, त्याला विमानाचं काही माहीत नाही, पण तो म्हणाला झेंड्यात केशरी वर असतं मग इथे आत कसं. कांगारूचंही तोंड वळवलं, विमानावर ते नाकाच्या दिशेने बघतं, आणि आमच्या चित्रात नाक डावीकडे होतं.

अजून एक प्रश्न कारागिराच्याच मुलाने विचारला, तो बारावीला आहे. फोटोत तर ऑस्ट्रेलियाच्या विमानावरचा गोल राखाडी दिसतो, तुम्ही रंगीत का करताय? बरोबर होतं त्याचं, हल्ली बऱ्याच देशांनी लांबून दिसू नये म्हणून मालवाहू विमानांवरही फिके गोल केलेत. पण राखाडीवर राखाडी गोल विणला तर भिंतीवर काय दिसणार? रंगीतच ठेवले.

निकाल

माल मेळाव्याच्या आदल्या रात्री गेला. वेळेत गेला असं म्हणायला हरकत नाही, पण पॅकिंग टेम्पोत बसून केलं. चार पात्यांच्या सॅम्पलचा आणि परत विणण्याचा खर्च मालकांनी सोसला, पार्टीला लावला नाही. धाग्याचं नुकसान फार नव्हतं, वेळ गेला तो जास्त महाग पडला, कारण त्या आठवड्यात त्या मागावर टॉवेलचा माल चढायचा होता.

मेळाव्यात लोकांना आवडलं. बांगलादेश का नाही, त्यांच्याकडे पण आहे, असं एकाने विचारलं. "काही" हा शब्द तेव्हा कामाला आला, असं संयोजकांनी स्वतः फोन करून सांगितलं. पाकिस्तानबद्दल कुणीच विचारलं नाही म्हणे. काकांनी मात्र तिथे भाषणात १९६५ ची ती रात्र सांगितली, त्यामुळे गोल नव्हता तरी गोष्ट झाली.

आता केलं तर

पाकिस्तानचा विषय पहिल्या दिवशी, पैशाचं बोलायच्या आधी काढला असता. मोबाइलवरची यादी उघडली तेव्हाच तो त्यात दिसत होता, मीही बघितला होता आणि मालकांनीही, आणि प्रत्येकाला वाटलं दुसरा बोलेल. अशा ऑर्डरला वाद होणारच असतो, तो फाइल तयार व्हायच्या आधी झाला तर फुकट होतो.

गाळण्याच्या निर्णयाबद्दल माझं मत अजून काकांच्या बाजूने आहे. पण वॉल हँगिंग ग्रुपवाल्यांच्या घरात लागणार होतं, माझ्या नाही, आणि ओळ खरी राहिली की माझं काम संपतं.

फोटोच्या बाबतीत मात्र मी मालकांशी सहमत नाही. ते म्हणतात पोराने बघून घ्यायला पाहिजे होतं. पोराला काय कळणार एच आणि जे? त्याने आजवर विमान जवळून बघितलं ते होटगी रोडवरून, तेही विमानांच्या वाटेतली साखर कारखान्याची चिमणी पाडून विमानसेवा सुरू झाल्यावर. ज्याने विमानावर आयुष्य काढलं त्याच्याकडूनच फोटो घ्यायचा, आणि फोटोच्या मागे त्याची सही. संयोजकांच्या मोबाइलमधे शेकड्याने फोटो होते, कुणी मागितलेच नाहीत.

आकड्यांचं म्हणाल तर तारीख टाकायला पाहिजे होती. वॉल हँगिंग पन्नास वर्षं टिकतं, देशांची यादी दोन वर्षंही टिकत नाही. ब्राझीलने हर्क्युलिस सोडून स्वतःचं सी-३९० घेतलं, पोर्तुगाल आणि नेदरलँड्सनेही तेच विमान निवडलंय. कोपऱ्यात नुसतं साल विणायला दोन चौकडे लागले असते.

सध्या एक नवीन चौकशी आलीय, दुसऱ्या ग्रुपची, एएन-३२ साठी. एंजिन पंखाच्या वर बसवलेलं ते, आपल्याकडे १९८४ पासून आहे, सतलज नाव दिलेलं. त्यांनी पण भोवती देश मागितलेत : श्रीलंका, पेरू, कोलंबिया, युक्रेन वगैरे. यावेळी मालकांनी स्वतःच एक कागद केलाय. कोणत्या तारखेची यादी, साल कशाचं, फोटो कुणाचा, कुठला देश नको असेल तर आत्ताच सांगा. पार्टीने तीन रकाने भरून पाठवलेत आणि चौथा कोरा ठेवलाय, त्यांना सोमवारी परत फोन करायचाय.